केमोने विरघळलेली गाठ सात वर्षांनी मणक्यात कशी आली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आईला ७ वर्षांपूर्वी डाव्या स्तनात मध्यम आकाराची गाठ निघाली. हार्मोन पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारी), हर-टू निगेटिव्ह (म्हणजे हर-टू हे प्रथिन न वाढलेली), काखेतल्या २ लसिकाग्रंथींत आजार. आधी केमो दिली, गाठ हाताला लागेनाशी झाली. मग ऑपरेशन, मग लाईट (रेडिएशन), मग ५ वर्षं लेट्रोझोल ही शरीरातलं इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी. सगळं वेळच्या वेळी. आता पाठदुखीसाठी एमआरआय केला तर मणक्यात आजार दिसतोय. कुणी सांगितलं, ‘कर्करोगाच्या मूलपेशी (म्हणजे स्टेम सेल) उरल्या होत्या.’ आणि त्याच सुमारास एका दवाखान्यातून ‘स्टेम सेल थेरपी’चं पॅकेज सांगणारा फोन आला. पहिलं खरं आहे का, आणि दुसरं करावं का?

पहिलं बरंचसं खरं आहे, फक्त ऐकताना वाटतं तितकं सरळ नाही. दुसरं करू नका. आता सविस्तर सांगतो.

निरोगी स्तनातही मूलपेशी असतात आणि त्यांच्याशिवाय त्याचं काम चालत नाही. स्तन हा आयुष्यभर स्वतःची बांधणी बदलणारा अवयव आहे. वयात येताना दूधनलिकांचं जाळं पसरतं, गरोदरपणात दूध बनवणाऱ्या पेशींचे घोस धरतात, बाळाचं अंगावरचं दूध तुटलं की ते ओसरतात, आणि पुढच्या खेपेला पुन्हा उभे राहतात. एवढ्या उलाढालीसाठी पेशींचा राखीव साठा लागतो. त्यातली पेशी विभागली की एक तिच्यासारखीच राहू शकते आणि दुसरी कामाची पेशी होण्याच्या वाटेला लागते. २००६ मध्ये मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलिझा हॉल इन्स्टिट्यूटमधल्या जेन विस्वाडर आणि जेफ्री लिंडमन यांच्या गटाने उंदराच्या स्तनातली अशी एकच पेशी वेगळी काढली आणि दुसऱ्या उंदराच्या, स्तनग्रंथी आधीच काढून टाकलेल्या, चरबीत टोचली. तिथे नलिकांसकट अख्खी ग्रंथी तयार झाली.

याच गटाचं २०१० मधलं एक काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. स्तनातल्या या मूलपेशींवर इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन पकडणारे रिसेप्टर नसतात, तरी हार्मोन्स वाढली की त्यांची संख्या वाढते. शेजारच्या, रिसेप्टर असलेल्या पेशी हार्मोनचा निरोप घेतात आणि रँक लायगँडसारख्या प्रथिनांमधून पुढे पोचवतात. गाभण उंदरांत मूलपेशी ११ पटींनी वाढल्या, बीजांडं काढल्यावर त्या घटल्या, आणि केवळ ३ आठवडे लेट्रोझोल दिल्यावरही साठा कमी झाला. हीच तुमच्या आईची गोळी. आईच्या आजारातल्या पेशींवर रिसेप्टर होते, त्यामुळे तिथे गोळीचं काम सरळच होतं. पण ज्या पेशींना गोळी थेट दिसत नाही, त्यांनाही ती शेजाऱ्यांमार्फत गप्प ठेवू शकते, हे लक्षात असू द्या.

मूलपेशी दीर्घायुषी असतात, आणि कर्करोगाच्या दृष्टीने त्या धोक्याच्या ठरतात त्या याचमुळे. जनुकांतले बिघाड एका दिवसात होत नाहीत, ते वर्षानुवर्षं साचतात, आणि साचायला टिकणारी पेशी लागते. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या स्त्रियांत पुढे स्तनाच्या कर्करोगाचा वाढीव धोका सर्वांत जास्त दिसला तो स्फोटाच्या वेळी विशीच्या आत असलेल्यांना. वाढत्या वयातल्या स्तनात मूलपेशींची धामधूम जास्त असते, हा त्याचा पटण्याजोगा खुलासा आहे.

आता गाठीकडे येऊ. गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्याच घातक असतात, असं आम्ही डॉक्टर पूर्वी धरून चालत होतो. रक्ताच्या कर्करोगात टोरोंटोच्या जॉन डिक यांनी १९९० च्या दशकात दाखवलं की आजार पुन्हा उभा करण्याची ताकद मोजक्याच पेशींत असते. घट्ट गाठींच्या बाबतीत ते पहिल्यांदा दिसलं ते स्तनाच्या कर्करोगातच. २००३ मध्ये मिशिगन विद्यापीठात मुहम्मद अल-हज, मायकेल क्लार्क आणि मॅक्स विचा यांनी रुग्णांच्या गाठींतल्या पेशी पृष्ठभागावरच्या खुणांनुसार वेगळ्या केल्या. ज्यांच्यावर सीडी ४४ भरपूर आणि सीडी २४ नगण्य, अशा जेमतेम १०० पेशी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात टोचल्या तरी गाठ झाली. उरलेल्या जातीच्या हजारो-हजारो पेशी टोचूनही झाली नाही. आणखी एक गोष्ट, जी बातम्यांत सहसा सांगत नाहीत: उंदरात झालेल्या त्या नव्या गाठीत फक्त सीडी ४४ वाल्या पेशी नव्हत्या, मूळ गाठीसारखंच सगळं मिश्रण होतं. म्हणजे थोड्या पेशींनी बाकीच्यांना पुन्हा जन्म दिला होता. २००७ मध्ये विचा यांच्याच गटाने एएलडीएच १ या एन्झाइमची दुसरी खूण दिली, आणि गाठीत ते एन्झाइम सापडणाऱ्या रुग्णांचं पुढे कमी चांगलं होतं, असंही दाखवलं.

यातून जो सिद्धांत उभा राहिला तो शेतकऱ्याला एका वाक्यात कळतो: हरळी वरून खुरपली तर शेत चार दिवस स्वच्छ दिसतं, मुळी राहिली की पुन्हा फुटते. केमो म्हणजे खुरपणी, मूलपेशी म्हणजे मुळी. मीही बरीच वर्षं रुग्णांना असंच सांगत असे, आणि अर्ध्या कामाला ते पुरतंही. पण हरळीचं तुटलेलं पान मातीत पडून मुळी होत नाही. कर्करोगात होतं.

ही गोष्ट कळायला काही वर्षं गेली. पहिला धक्का दिला मेलानोमाने, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाने. २००८ मध्ये शॉन मॉरिसन यांच्या गटाने प्रतिकारशक्ती आणखी कमी असलेले उंदीर वापरले, तर दर ४ पेशींमागे साधारण १ पेशी गाठ करू लागली. तेव्हा ‘मोजक्या पेशी’ हा निष्कर्ष पेशींचा होता की उंदराचा, असा प्रश्न आला. दुसरं, पेशी उपटून दुसऱ्या जागी लावल्यावर ती काय करू शकते हे कळतं. आपल्या जागी राहून ती रोज काय करते, हे कळत नाही. ब्रसेल्सच्या सेद्रिक ब्लांपें यांच्या गटाने २०११ मध्ये उंदराच्या निरोगी स्तनात पेशींना जागेवरच खूण करून त्यांचे वंशज तपासले, तेव्हा आतल्या आणि बाहेरच्या थराच्या पेशी मुख्यतः आपापल्या वेगळ्या मूलपेशींतून येताना दिसल्या. ‘एकीतून सगळं’ हे चित्र तिथे उरलं नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. २००८ मध्ये रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत स्तनाच्या साध्या पेशींना एक विशिष्ट बदल करायला लावला. एकमेकींना चिकटून ओळीत बसणारी पेशी चिकटपणा सोडते, लांबट होते आणि हिंडू लागते, असा हा बदल. जखम भरताना आणि गर्भाच्या वाढीत तो नेहमी होतो. तो झालेल्या पेशींवर सीडी ४४ च्या खुणा आल्या आणि मूलपेशींचे गुणही आले. २०११ मध्ये तिथूनच आलेल्या पुढच्या कामात साध्या पेशी आपणहून मूलपेशीसारख्या होताना दिसल्या. म्हणजे मूलपेशीपण ही पेशीची जन्मजात जात नाही, ती एक अवस्था आहे. पेशी त्या अवस्थेत जाते, तिच्यातून बाहेर येते. पुढे विचांच्या गटाने स्तनाच्या कर्करोगात अशा दोन अवस्था सांगितल्या: एक गाठीच्या कडेला असणारी, हळू विभागणारी, हिंडायला तयार, दुसरी आतल्या भागात, भराभर वाढणारी. पेशी या दोन्हींत ये-जा करतात. दूर जाऊन बसायला पहिली अवस्था कामाची, तिथे गाठ वाढवायला दुसरी.

तुमच्या आईच्या बाबतीत हे कुठे लागू पडतं? दोन जागी.

पहिली जागा केमो. केमोचा मार मुख्यतः भराभर विभागणाऱ्या पेशींवर बसतो. जी पेशी सध्या विभागतच नाही, ती त्यातून निसटते. शिवाय काही पेशींत औषध बाहेर फेकणारे पंप जास्त असतात. आणि वर सांगितलेलं एएलडीएच एन्झाइम तर स्तनाच्या केमोत पिढ्यान्‌पिढ्या वापरलं जाणारं सायक्लोफॉस्फामाइड निष्प्रभ करतं, म्हणजे आम्ही जी खूण बघून पेशी ओळखतो तीच तिची ढाल आहे. ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये जेनी चँग यांच्या गटाने २००८ मध्ये रुग्णांच्या बायोप्सी केमोच्या आधी आणि १२ आठवड्यांनंतर तपासल्या. सीडी ४४ वाल्या पेशींचं प्रमाण सरासरी ४.७ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेलं होतं.

हा आकडा वाचून अनेकजण ‘केमोने कर्करोग वाढतो’ असे संदेश फिरवतात. चुकीचं आहे. गाठ लहान झाली, तिच्यातलं प्रमाण बदललं. दहा हजारांतल्या पाचशे आणि पाचशेतल्या सत्तर यांत जास्त कोणत्या, ते तुम्हीच बघा. (हे आकडे समजवण्यापुरते घेतले आहेत.) केमोने असंख्य बायकांचं आयुष्य वाढलं आहे. प्रयोगाचा खरा अर्थ एवढाच की गाठ किती आक्रसली यावरून उरलेल्या पेशींचा स्वभाव कळत नाही. म्हणून तर आता ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये किती आजार शिल्लक आहे हे आम्ही बारकाईने बघतो आणि शिल्लक असेल तर औषध वाढवतो. हर-टू निगेटिव्ह आजारात केमोनंतर काही उरलं असेल तर कॅपेसिटाबिनच्या गोळ्या दिल्याने आयुष्य वाढतं हे जपान-कोरियातल्या क्रिएट-एक्स चाचणीने २०१७ मध्ये दाखवलं. फायदा जास्त दिसला तो ट्रिपल निगेटिव्हमध्ये, म्हणजे दोन्ही हार्मोन रिसेप्टर आणि हर-टू यांतलं काहीच नसलेल्या आजारात. हर-टू पॉझिटिव्हमध्ये २०१९ च्या कॅथरीन चाचणीत उरलेल्या आजारावर टी-डीएम १ हे औषध दिल्याने आक्रमक आजार परतण्याचा किंवा मृत्यूचा धोका निम्म्यावर आला. या चाचण्या मूलपेशींच्या नावाने झाल्या नाहीत, पण ‘उरलेल्यांकडे बघा’ हा विचार तोच.

दुसरी जागा ही सात वर्षांची शांतता. हार्मोन पॉझिटिव्ह आजाराच्या काही पेशी अगदी सुरुवातीला, गाठ हाताला लागण्याच्याही आधी, रक्तातून हाडांच्या मज्जेत जाऊन बसलेल्या असू शकतात. मज्जा ही रक्ताच्या मूलपेशींची राहण्याची जागा. तिथलं वातावरणच पेशीला न विभागता टिकवून धरणारं. कर्करोगाची पेशी त्या घरात भाडेकरूसारखी राहते. स्कॅनमध्ये दिसत नाही, रक्तात कर्करोगाची खूण (मार्कर) वाढत नाही. गोळी चालू असेपर्यंत, आणि अनेकींत त्यानंतरही, ती गप्पच राहते. काहींत ती जागी होते. ६२ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र करून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात, ५ वर्षं हार्मोनची गोळी पूर्ण करून तोवर ठणठणीत असलेल्यांचा पुढच्या १५ वर्षांचा हिशोब मांडला आहे. अगदी लहान गाठ आणि काख स्वच्छ असलेल्यांतही १३ टक्क्यांना आजार दूर कुठेतरी परतला. तुमच्या आईसारखी मध्यम गाठ आणि काखेतल्या १ ते ३ लसिकाग्रंथींत आजार असलेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. म्हणजे चौघींतली एक. सगळं वेळेवर करूनही.

हे मुद्दाम आकड्यांसकट लिहितोय, कारण तुमच्या प्रश्नाच्या मागे ‘आमचं काय चुकलं’ हा दुसरा प्रश्न मला दिसतोय. काही चुकलं नाही. एक भर घालतो, आईसाठी नाही, वाचणाऱ्या इतर बायकांसाठी: टॅमॉक्सिफेन ही हार्मोनची दुसरी गोळी ५ ऐवजी १० वर्षं घेतल्यास आजार परतण्याचं आणि त्याने मृत्यू येण्याचं प्रमाण आणखी घटतं, हे ॲटलस चाचणीने २०१३ मध्ये दाखवलं. प्रत्येकीला १० वर्षांची गरज नसते, गर्भाशयाचे आणि रक्ताच्या गुठळीचे धोकेही असतात. पण ५ वर्षं झाली म्हणून गोळी आपोआप बंद, असं करू नका; काखेत आजार होता का, हे बघून डॉक्टरांशी बोला. आणि सांधे दुखतात म्हणून दोन वर्षांतच गुपचूप गोळी सोडणाऱ्या कितीतरी बायका मी बघतो. त्रास सांगा, गोळी बदलता येते.

मूलपेशींबद्दल आणखी एक गोंधळ होतो. कर्करोग कोणत्या पेशीत सुरू झाला आणि कोणती पेशी तो चालू ठेवते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बीआरसीए १ जनुकाचा दोष असलेल्या स्त्रियांत बहुधा मूळ मूलपेशी बिघडते, असा समज होता. २००९ मध्ये मेलबर्नच्या त्याच गटाने दाखवलं की त्यांच्यात बिघडते ती एक पायरी खालची, आतल्या थराच्या पेशी घडवणारी पूर्वज पेशी. तीही रँकच्या निरोपावर चालते, म्हणून तो निरोप अडवणारं डेनोसुमॅब हे हाडांचं औषध अशा स्त्रियांत प्रतिबंधासाठी तपासलं जात आहे.

गाठीच्या आजूबाजूला शरीराच्या स्वतःच्या, कर्करोग नसलेल्या मूलपेशीही येतात. मज्जेतल्या मेसेंकायमल मूलपेशी (हाड, चरबी अशा पेशी घडवणाऱ्या) गाठीकडे ओढल्या जातात, आणि २००७ मध्ये वाइनबर्ग यांच्याच प्रयोगशाळेने उंदरांत दाखवलं की त्या सीसीएल ५ नावाचं रसायन सोडतात आणि शेजारच्या स्तन-कर्करोगाच्या पेशींना पसरायला मदत करतात. हे वाक्य दवाखान्याच्या त्या फोनच्या संदर्भात पुन्हा लागेल.

मग मूलपेशींवरच औषध का नाही? प्रयत्न खूप झाले. मूलपेशीपण टिकवणारा नॉच नावाचा संदेशमार्ग अडवणारी औषधं रुग्णांवर तपासली. आतडीही त्याच मार्गावर चालतात, त्यामुळे जुलाब आड आले. रिपॅरिक्सिन हे औषध पॅक्लिटॅक्सेल या केमोसोबत पसरलेल्या ट्रिपल निगेटिव्ह आजारात देऊन पाहिलं, फायदा दिसला नाही. २००९ मध्ये सुमारे १६,००० रसायनं चाळून त्यातून सॅलिनोमायसिन निघालं, जे प्रयोगशाळेत मूलपेशीसारख्या पेशींना पॅक्लिटॅक्सेलपेक्षा कितीतरी जास्त मारतं. कुक्कुटपालन करणाऱ्यांना हे नाव ओळखीचं असेल: कोंबड्यांच्या खाद्यात कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या रोगासाठी घालतात ते हेच. घोड्यांना ते जीवघेणं आहे आणि माणसालाही विषारी, तेव्हा कुणी खाद्याची पिशवी आणायला सुचवलं तर हात जोडा. हळद-मिरीचंही तसंच: मिशिगनच्याच प्रयोगशाळेत कर्क्युमिन आणि पिपेरिनने बशीतल्या स्तन-मूलपेशींची वाढ कमी झाली होती. बशीतली मात्रा दूध-हळदीने रक्तात पोचत नाही. स्वयंपाकात हवी तेवढी घाला, कॅप्सूलचे डबे मात्र केमोच्या काळात डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

या अपयशांमागचं कारण मला तरी वर सांगितलेलंच वाटतं. मूलपेशी ही अवस्था असेल तर आज तिथे असलेल्या मारून भागत नाही. बाकीच्यांतून उद्या नव्या तयार होतात. दोन्ही बाजू एकदम धराव्या लागतील. याच कारणाने ‘मूलपेशी मोजण्याची’ महागडी तपासणी करून घेऊ नका. सीडी ४४ प्रयोगशाळेत वाढवलेल्या काही आक्रमक पेशींच्या वसाहतींत जवळजवळ प्रत्येक पेशीवर असतं, तर हार्मोन पॉझिटिव्ह गाठींत बऱ्याचदा थोडंच. त्या रिपोर्टवरून आज एकही उपचार बदलत नाही.

आईसाठी आता काय. मणक्यातल्या जागेची बायोप्सी शक्य असेल तर आग्रहाने करून घ्या आणि ईआर, पीआर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर) आणि हर-टू पुन्हा तपासा; इतक्या वर्षांत पेशींचा स्वभाव बदललेला असू शकतो. हार्मोन पॉझिटिव्हच राहिला असेल तर बहुधा केमो लागणार नाही. वेगळ्या हार्मोन औषधासोबत पालबोसिक्लिब किंवा रायबोसिक्लिब या पेशींचं विभाजन रोखणाऱ्या गोळ्या देतात. पालबोसिक्लिबची भारतीय जेनेरिक आल्यापासून खर्च खूप खाली आला आहे, त्यामुळे पहिल्याच दुकानातली किंमत अंतिम मानू नका. हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिड, त्याआधी दात दाखवून घ्या. दुखत असेल तर त्या जागी थोडे दिवस लाईट. पायात मुंग्या, बळ कमी होणं किंवा लघवी अडकणं असं काही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालयात न्या. आजार मुळासकट जाईल असं मी म्हणणार नाही, पण फक्त हाडांत असलेला हार्मोन पॉझिटिव्ह आजार अनेक बायका वर्षानुवर्षं, घरची कामं करत, ताब्यात ठेवतात.

आता तो फोन. स्तनाच्या कर्करोगात रक्ताच्या मूलपेशी एकदा फार मोठ्या प्रमाणावर वापरून झाल्या आहेत. १९९० च्या दशकात अमेरिकेत हजारो स्त्रियांना प्रचंड मात्रेची केमो देऊन, त्यात जळालेली मज्जा परत उभी करायला त्यांच्याच साठवलेल्या मूलपेशी दिल्या जात. त्या पेशी कर्करोगाशी लढत नव्हत्या, केमोचा मार सोसायला होत्या. १९९९ मध्ये मोठ्या चाचण्यांचे निकाल आले तेव्हा ठळक फायदा दाखवणारी चाचणी होती जोहान्सबर्गच्या वर्नर बेझवोडा यांची. २००० मध्ये तपासनीस तिथे गेले आणि ती बनावट निघाली. पुढे सगळ्या चाचण्या एकत्र मांडल्यावरही आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही आणि ती पद्धत मागे पडली.

तुम्हाला देऊ करताहेत ते तर त्याहून वेगळं, बहुधा चरबीतून किंवा मज्जेतून काढलेल्या मेसेंकायमल पेशी. गाठीला पसरायला मदत करू शकणाऱ्या पेशींबद्दल वर लिहिलं त्या याच. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार भारतात मूलपेशींचा मान्य उपचार फक्त ठरावीक रक्तविकारांसाठीच्या प्रत्यारोपणाचा. बाकी सगळं केवळ नोंदणीकृत चाचणीत. तेव्हा पुन्हा फोन आला तर दोनच गोष्टी विचारा: सीटीआरआयचा (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक काय, आणि पैसे कसले? क्रमांक दिला तर सीटीआरआयच्या संकेतस्थळावर तो स्वतः टाकून बघा, आजाराच्या रकान्यात स्तनाचा कर्करोग लिहिलाय का ते वाचा. खऱ्या चाचणीत तपासलं जाणारं औषध रुग्णाला विकत घ्यावं लागत नाही. बायोप्सीचा रिपोर्ट आला की इथे लिहा, त्यातली नावं सोडून. पुढचं औषध कोणतं ते मग नीट बोलता येईल.